मडमच्या बागेतली शेवळं

चौकी नेरळ, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. सन १८९४, जून महिना.

माझे नाव इंदूबाई. नवऱ्याचे नाव भिवाजी, तो मयत. वय चव्वेचाळीस असावे. धंदा शेती, आणि हंगामात माथेरानावर दूध व भाजी नेऊन विकणे. राहणार शेलू, तालुका कर्जत. समक्ष हजर राहून, कोणी न शिकवता सांगते ती हकीकत अशी:

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माझी सासू अंबाबाई मला म्हणाली होती, "तुझ्या हातची शेवळं आधी मी खाईन, मग घर खाईल." हा मजकूर गुन्ह्याच्या तीस वर्षे आधीचा आहे, तो लिहिण्याची गरज नाही, असे कारकुनांचे म्हणणे पडले. फौजदार साहेबांनी लिहू द्या म्हटले. गरज कशी आहे ते पुढे दिसेल.

शेवळं ही आमच्याकडची रानभाजी. पावसाच्या तोंडाला जमिनीतून नुसता कोंब निघतो, त्याला पान नसते. कोंबाला टोपरे असते आणि टोपऱ्याच्या आत उभा दांडा. चिरताना हाताला तेल लावावे लागते, नाहीतर हात खाजतात. भाजी कच्ची राहिली तर जीभ आणि घसा सुजतो. म्हणून तिच्यात काकडं घालतात. काकडं म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट हिरवी फळे. ती कुटून, त्यांचा रस आणि वाल घालून पुष्कळ वेळ शिजवले की खाज मरते. तरी नव्या सुनेने पहिल्यांदा शेवळं केली की घरातले पुरुष बिचकतात. त्यासाठी आमच्या घरात असा रिवाज आहे, की मडके उतरवण्याआधी सासूने पळीभर भाजी खायची आणि गप्प बसायचे. विडा चघळून संपावा इतका वेळ थांबायचे. तिने "वाढ" म्हटले, की मग पुरुषांची पाने मांडायची.

माझ्या सासूने माझ्यासाठी तसे केले. त्या दिवशी तिचा घसा धरला होता, हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. त्या वेळी ती एवढेच म्हणाली, की आणखी दोन लाकडं सार, आणि बाहेर जाऊन पुरुषांना सांगून आली, की सरपण ओलं हाय, आज उशीर होईल. माझ्या हातची भाजी कच्ची होती हे घरात कोणाला कधी कळले नाही.

सुंदरा ही माझी सून, माझा मुलगा मालोजी याची बायको. तिचे माहेर शेजारच्या खालापूर पेट्यात. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. मालोजी माथेरानावर घोडेवाला आहे. हंगाम संपला की साहेबलोकांची घोडी घाट चढवून पुण्याला पोचवावी लागतात. त्या कामावर तो गेला आहे आणि अजून काही दिवस येणार नाही. घरात मी, सुंदरा आणि माझा दीर आबाजी. आबाजी हा या कामातला फिर्यादी. माझा नवरा वारल्यापासून घराचा कर्ता तोच आहे. सुंदरा घरात नको, असे तो गेल्या दिवाळीपासून म्हणत आहे. मूल नाही, हे एक कारण सांगतो. मी तिला मडमच्या बंगल्यावर झाडलोटीला पाठवते, हे दुसरे कारण सांगतो. मालोजी घरी असला की तो यातले काही बोलत नाही.

सदर मडमचे नाव मला उच्चारता येत नाही. तिचा बटलर जलाल, राहणार खालापूर, याने ते कारकुनांना सांगितले आहे. सुंदरा या मडमच्या बंगल्यावर दोन हंगाम कामाला आहे. मडमला झाडांचे वेड. विलायतेहून आणलेले एका झाडाचे काही कांदे तिने बंगल्यामागच्या सावलीत पालापाचोळ्यात लावले होते. यंदा ते उगवले आणि फुलले. मुंबईला उतरायची वेळ आली तेव्हा मडमने माळ्याकडून वाफा उपटवला, चांगले कांदे पेटीत भरून घेतले आणि बाकीचे पाल्यासकट उकिरड्यावर टाकायला सांगितले. सुंदराने ते टोपलीत भरून खाली घरी आणले. ती चोरी नाही. टाकलेले उचलले. जलालने तिला जाताना पाहिले आणि "काय गं, आता मडमचा कचरा बी सासूला नेऊन दाखवतेस का?" असे तो म्हणाला. ते त्याने इथे कबूल केले आहे.

टोपली मी पाहिली. हिरवट टोपरे, आत जांभळा दांडा. मला ती शेवळंच वाटली. पाने मात्र होती, बाणाच्या टोकासारखी, त्यांवर काळे ठिपके. सुंदरा म्हणाली, "आत्याबाई, हिला पानं हाईत. आपल्या शेवळांना नसतात." मी म्हटले, "विलायतेची हाय गं, नेसूनसवरून आली आसंल." आम्ही दोघी हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो. भाजीची पाने काढून टाकावी आणि उद्या ती कांद्यांसकट रांधावी, असे मी ठरवले, सुंदराने नाही. असे लिहिले तर गुन्ह्यात माझेही नाव येईल, अशी समज फौजदार साहेबांनी मला दिली. समज घेतली. लिहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजीने सांगितले, की गावचे पोलीस पाटील धोंडी दुपारी आपल्याकडे जेवायला येणार आहेत. कशासाठी ते सांगितले नाही. पाटील आले आणि दोघे ओसरीवर बसले. आमच्या घरी ओसरी आणि चूल यांच्यामध्ये एक कुडाची भिंत आहे, तिच्यातून सगळे ऐकू येते. मालोजी परत यायच्या आत सुंदराला तिच्या बापाच्या स्वाधीन करायचे आणि पाटलांनी चार माणसांत तसे बोलायचे, असे ते बोलणे होते. आबाजी म्हणाला, "पोरगा आला म्हंजे गोंधळ घालंल. तवर घर मोकळं झालेलं बरं." पाटील म्हणाले, आधी जेवण होऊ दे, भुकेल्या पोटी मला न्याय सुचत नाय.

हे सुंदराने ऐकले, ही गोष्ट मी लपवत नाही. ती काकडं कुटत होती. ऐकून थांबली नाही, कुटत राहिली. फिर्यादीत सगळा जोर यावरच आहे, की तिला कारण होते. कारण होते. मलाही होते.

भाजी निम्मी शिजली असेल. मी सरपण आणायला परसात गेले होते. परत दारात येते तो आबाजी चुलीपाशी उभा. आमच्याकडे पुरुष चुलीपाशी येत नाही. तो आला होता. सुंदरा त्याला सांगत होती, "आजून शिजली नाय. आत्याबाईंनी चाखली बी नाय." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. आबाजी म्हणाला, "तुझी आत्याबाई चाखंल तवर पाटलांनी काय वासरावानी दावणीला बसावं?" त्याने उपरण्याच्या टोकांनी मडके धरून उतरवले. मी म्हटले, "भावजी, ठेवा ते." त्याने माझ्याकडे पाहिले आणि मडके ओसरीवर नेले. वाढले त्याने स्वतः. सुंदराचा हात त्या भाजीला लागला तो शिजवताना, वाढताना नाही.

पाटलांनी भाकरीबरोबर चांगली खाल्ली. आबाजीने त्याहून जास्त खाल्ली. थोड्या वेळाने पाटील बोलायचे थांबले. मग आबाजी थांबला. दोघांनी तोंडात बोटे घातली. आमसुलाचे पाणी आणि तूप घेऊन सुंदरा बाहेर धावली. चुलतसासऱ्यासमोर आणि परक्या पुरुषासमोर ती कधी पदर न घेता गेलेली नाही, त्या दिवशी गेली. पाटलांना धरवेना म्हणून वाटी त्यांच्या तोंडाला तिने लावली. विष घालणारी बाई असे करीत नाही, असे मला वाटते. मला वाटते ते जबाबात येत नाही, असे कारकून म्हणाले. मग एवढेच लिहावे, की वाटी तिने लावली.

दिवस मावळायच्या आत दोघांच्या जिभा थोड्या उतरल्या. जीभ हलू लागल्यावर पाटलांनी पहिले काम केले ते चौकीवर विषप्रयोगाची वर्दी देण्याचे, आणि आबाजीने फिर्याद सांगितली. काल शिपाई सदू येऊन सुंदराला घेऊन गेला. उरलेले कांदे आणि टोपली मुद्देमाल म्हणून नेली. गावातल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. सुंदराने पदर सारखा केला आणि सदूच्या पुढे चालू लागली. मी तिच्या मागे निघाले. आबाजीने मला हाक मारली. त्या हाकेला मी उत्तर दिले नाही. नवरा गेल्यापासून मी त्याच्या हाकेला उत्तर दिले नाही असे पहिल्यांदाच झाले. याचा गुन्ह्याशी संबंध नाही हे मला कळते.

आज सकाळी मडम मुंबईच्या गाडीसाठी नेरळला उतरली. तिच्या बंगल्यावरची बाई चौकीत आहे हे जलालला ठेसनावर कळले आणि त्याने तिला सांगितले. मडम सामान ठेसनावर टाकून सरळ इथे आली. तिच्या बुटांना वाटेचा लाल चिखल होता. तिने टोपलीतला एक कांदा उचलला, फौजदार साहेबांसमोर धरला आणि पुष्कळ बोलली. ती जे बोलली ते जलालने आम्हांला सांगितले, त्यावरून मी सांगते.

तिच्या गावाकडे हे झाड कुंपणांच्या आणि रानाच्या कडेला आपोआप उगवते. कोणी लावत नाही. तिथले लोक याला सरदार आणि सरदारणी म्हणतात, कारण कोणाचा दांडा जांभळा असतो, कोणाचा फिकट. कोणी याला खळीचे मूळ म्हणतात. जुन्या काळी तिथले बडे लोक गळ्याभोवती ताटाएवढी पांढरी कडक झालर घालीत. त्या झालरीला द्यायची खळ या कांद्यांची करीत. ती खळ करणाऱ्या परटिणींच्या हातांना फोड येत आणि कातडे फाटे. हे सांगताना मडमने स्वतःचे हात उलटेसुलटे करून दाखवले. सुंदराने आपल्या हातांकडे पाहिले. त्यांना तेल लावलेले असल्यामुळे काही झाले नव्हते.

आणखी एक नाव आहे, असे मडम म्हणाली आणि तिने ते सांगितले. जलाल जमिनीकडे बघत राहिला. फौजदार साहेबांनी दोनदा विचारले. तो म्हणाला, "साहेब, माझी आई आजून जिती हाय. ते नाव माझ्या तोंडून नको." मडम लाल झाली. आम्हा दोघींना ते नाव न सांगता समजले. शेवळांनाही आमच्याकडे बायका आपसांत तसेच काही म्हणतात. ते मी सांगितले नाही आणि मला कोणी विचारले नाही.

फौजदार साहेबांनी मडमला विचारले, हे विष आहे काय. ती म्हणाली, आहे. कच्चे खाल्ले तर जाळते, आणि याला लाल फळे येतात ती लेकरांच्या जिवावर बेततात. म्हणूनच तिने हे उकिरड्यावर टाकायला सांगितले, कोणी खाईल असे तिच्या मनात आले नाही. साहेबांनी विचारले, मग हे कधीच कोणी खात नाही काय. ती म्हणाली, तिच्या देशात एका बेटावर गरीब लोक हे कांदे भाजून, पुष्कळ उकळून त्यांचे पीठ करीत आणि ते विकीत. तिने स्वतः कधी खाल्लेले नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे विष की अन्न, एक काहीतरी सांगा." मडमने दोन्ही सांगितले. कारकुनांनी दोन्ही लिहिले.

मग मी बोलले. मला कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, ही भाजी सुंदरा करीत होती तशीच तिला पुरती करू द्या. मुद्देमालात कांदे आहेत. ती रांधील आणि मी खाईन. मला काही झाले तर तिने घातले ते विष. नाही झाले तर मडके कोणी उतरवले ते बघा.

साहेब नको म्हणाले. बाई चौकीत मेली तर वर काय लिहून पाठवू, असे म्हणाले. मडम पुष्कळ वेळ बोलली. जलालने त्याचे एवढेच सांगितले, "नको म्हनते." कोपऱ्यात आबाजीबरोबर फिर्यादीच्या कामी आलेले पाटील बसले होते. त्यांना अजून नीट बोलता येत नव्हते. ते म्हणाले, "खाऊ द्या की तिला. आमी खाल्ली न्हवं?" माझ्या राजीखुशीने खाते, असा अंगठा मी आधी उठवून दिला. तेव्हा साहेब गप्प झाले आणि त्या गप्प बसण्याला मी परवानगी समजले.

चौकीत आल्यापासून सुंदरा कोणाशी बोलली नव्हती. आता बोलली. "आत्याबाई, तुमी नका खाऊ." मी तिला म्हटले, "वाल न्हाईत, चण्याची डाळ चालंल का तेवढं सांग."  ती म्हणाली, चालेल.

चौकीमागच्या अंगणात तीन दगड मांडले. काकडाचे झाड ओढ्याच्या कडेला आहे. त्यावर शिपाई सदू चढला आणि जलाल खालून त्याला फांद्या दाखवू लागला. सदूची पगडी ओढ्यात पडली. "सरकारी पगडी वाहून चालली," असे म्हणत जलाल तिच्या मागे धावला आणि त्याने ती आणली. मडमला हसू आले. तिच्यासाठी साहेबांची खुर्ची बाहेर आणली होती. मुंबईची गाडी आली, शिट्टी झाली, गाडी गेली. मडम खुर्चीवरून उठली नाही.

सुंदराने हाताला तेल लावले, कांदे सोलले, चिरले, पाणी ओतून उकळले आणि ते पहिले पाणी टाकून दिले. काकडं कुटली. डाळ घातली.    मी या चुलीपाशी नुसती बसले होते आणि मला फार बरे वाटत होते. इतक्या माणसांसमोर, सरकारच्या अंगणात, आमच्या घरचा रिवाज चालला होता.

झाले असे वाटल्यावर तिने पळी माझ्यापुढे धरली. मी ती सगळी खाल्ली. चव सांगण्याचे कारण नाही, असे कारकून म्हणतात. चव चांगली होती. जरा मातकट, काकडांनी आंबटलेली, सुरणाहून मऊ. मग मी गप्प बसले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. फौजदार साहेब, मडम, पाटील, आबाजी. सुंदरा तेवढी चुलीकडे बघत होती. त्या वेळात माझ्या मनात जे आले ते माझ्या सासूला सांगण्यासारखे होते, इथे लिहिण्यासारखे नाही. घसा धरला नाही. जीभ धरली नाही. पुरता वेळ गेल्यावर मी सुंदराला म्हटले, "वाढ."

पहिल्यांदा जलालने पान पुढे केले. बिस्मिल्ला म्हणून त्याने खाल्ले आणि भाकरी नाही का, असे विचारले. सदूने भिजल्या पगडीनेच खाल्ले. कारकून ब्राह्मण, त्यांनी खाल्ले नाही, पण मडक्याजवळ येऊन वास घेतला. हे वाक्य लिहू नये असे त्यांचे म्हणणे आहे, आणि लिहिणारेही तेच आहेत, तरी ते लिहितील असा माझा विश्वास आहे. साहेब म्हणाले, सरकारी कामावर असताना मी खात नाही, थोडी बाजूला काढून ठेवा. मडमने बोटाच्या टोकाला लावून घेतली आणि चाटली. डोळे मिटले. मग उघडले आणि हसली. जलालने सांगितले, "आपल्या गावी जाऊन सांगितलं तर कुनी खरं मानायचं नाय म्हनते." हिला तुम्ही काय म्हणता, असे तिने सुंदराला विचारायला लावले. सुंदरा म्हणाली, "मडमची शेवळं." मडमने ते शब्द जलालकडून दोन-तीनदा म्हणवून घेतले आणि नीट म्हणता येईपर्यंत म्हणून पाहिले. जाताना तिने रुमालात काकडं बांधून घेतली.

मग साहेबांनी पाटलांना आणि आबाजीला खायला सांगितले. पाटील उठून आले. आबाजी एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "पुरती शिजलीय का पन?"

साहेबांनी विचारले, हे का विचारतोस. आबाजी म्हणाला, "परवाची कच्ची व्हती न्हवं. ती पोरगी वरडत व्हती, शिजली नाय, शिजली नाय..." 

 कारकुनांनी टाक दौतीत बुडवून ते लिहून घेतले. पाटील पान हातात घेऊन आबाजीकडे वळले. म्हणाले, "माझी जीभ जोड्याच्या तळव्यावानी झाली. पोटच्या पोरांनी माझ्या उशाशी दिवा लावून ठेवला. आन् तुला ठावं व्हतं कच्ची हाय म्हून?" आबाजी म्हणाला, "पाटील, तुमीच घाई केली." पाटील म्हणाले, "मी भूक लागली म्हनलं रं. बाईला फासावर द्या आसं नाय म्हनलं."

पाटलांनी तिथेच उकिडवे बसून, आबाजीकडे पाठ करून भाजी खाल्ली. संपली तेव्हा त्यांनी पान पुन्हा सुंदरापुढे धरले. ती वाढायला वाकली तेव्हा ते हळू आवाजात तिला म्हणाले, "पोरी, झालं ते झालं."  तिने वाढले, आणि पळीभर जास्त वाढले. ते मी पाहिले. आपली वर्दी चुकीच्या समजुतीने दिली होती, असे पाटलांनी नंतर साहेबांना सांगितले. आबाजीने आपल्या तोंडाने सांगितलेले वर आले आहेच. विषाचा आरोप राहिला नाही, असे साहेब म्हणाले.

हे ऐकून मी हात जोडले नाहीत. हात जोडायचे असतात हे मला नंतर सुचले. मी सुंदराला उठवले आणि तिच्या हाताचे तेल माझ्या पदराला पुसले.

मग एक अडचण निघाली. बाई चौकीत आणली, तर सोडताना ती घरच्या पुरुषाच्या हाती द्यावी लागते, त्याची सही किंवा अंगठा लागतो, असे सांगण्यात आले. मालोजी पुण्याच्या वाटेवर आहे. घरचा दुसरा पुरुष आबाजी. तो पायरीवर बसून आहे आणि अंगठा द्यायला तयार आहे. तो तिला घेऊन गेला तर उद्याच खालापूरकडे नेऊन सोडील, हे मला त्याच्या तोंडावरून दिसते. आबाजी नको असेल तर तिच्या बापाला बोलावू, असे साहेब चांगल्या मनाने म्हणाले. तिचा बाप आला तर चौकी पाहिलेल्या मुलीला तो पुन्हा सासरी ठेवणार नाही. म्हणजे दोन्ही वाटा एकाच दाराशी जातात, आणि ते दार आबाजीने आधीच उघडून ठेवले होते.

सुंदराला कुठे जायचे आहे, असे इथे कोणी विचारले नाही. मी विचारले. ती म्हणाली, "घरी." कुठल्या घरी असे मी पुन्हा विचारले नाही, कारण हे म्हणताना तिने माझा हात धरला होता.

येथपर्यंतचा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. एक-दोन ठिकाणी माझे शब्द कारकुनांनी सभ्य केले, त्याला माझी हरकत नाही. वास घेतल्याचे वाक्य त्यांनी ठेवले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. अंगठा उठवण्याआधी माझी एक मागणी लिहून घ्यावी.

मालोजी येईपर्यंत सुंदराला माझ्या हाती सोडावे. तिच्याबद्दल सरकारला जे काही विचारायचे ते मला विचारावे, आणि तिच्या नावापुढे जिथे पुरुषाचा अंगठा लागतो तिथे माझा घ्यावा. एका बाईच्या हमीवर दुसरी बाई सोडण्याची वहिवाट नाही, हे मला आज कारकुनांनी सांगितले आहे, साहेबांनी सांगितले आहे आणि पायरीवरून आबाजीनेही सांगितले आहे. मागणी नामंजूर होईल हे मी समजून आहे. तसे झाल्यास नकार तोंडी देऊ नये. तो याच कागदावर खाली लिहावा, आणि आम्हा दोघींना एका ठिकाणी बसवून वाचून दाखवावा.